डीपीएफचा दिवा विझतो आणि पुन्हा लागतो : डिझेल गाडीवाल्यांसाठी

जूनमधली गोष्ट. बेळगावात गोवावेसच्या चौकात उभा होतो, पाऊस धरून होता, आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, पिवळा दिवा लागला. एक डबा, दोन्ही बाजूंना नळी, डब्याच्या पोटात ठिपके. गाडी नीट चालत होती. आवाज नाही, धूर नाही, ओढ कमी नाही. पुढच्या सात महिन्यांत हाच दिवा आणखी तीनदा लागला. त्यातल्या दोन वेळा वर्कशॉपवाल्यांनी तो 'क्लिअर' करून गाडी हातात दिली, बिल दिलं, आणि कारण विचारलं तर "सिटीत चालवता म्हणून" एवढंच सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं कारण बोटभर जाडीच्या एका रबरी नळीत आणि माझ्या दोन सवयींत सापडलं.

वडगावात आमच्या गल्लीत चार डिझेल गाड्या आहेत आणि चौघांनाही हा दिवा ओळखीचा आहे. गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत, वर्कशॉपमधलं बोलणं कन्नडात. बऱ्याच जणांना दिवा कशाचा तेच कळत नाही आणि घाबरून ते सांगेल तेवढे पैसे मोजून येतात. म्हणून हे सगळं मराठीत आणि सविस्तर लिहितोय.

दिवा कशाचा आहे

१ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आणलं गेलं आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक गाळणी आली. तीच डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्या नळ्या एकाआड एक टोकाला बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. गाळणी चांगलीच आहे. चन्नम्मा चौकात जुन्या ट्रकच्या मागं स्कूटरवर उभं राहिलेल्या माणसाला ती का हवी ते सांगावं लागत नाही.

पण अडकलेली काजळी कधीतरी जाळायला हवी. त्याला रिजनरेशन म्हणतात, मिस्त्री लोक नुसतं 'रिजन' म्हणतात. हायवेवर गाडी सलग चालली की एक्झॉस्ट, म्हणजे धुराची वाट, तापलेला राहतो आणि काजळी आपोआप थोडी थोडी जळत जाते. तेवढ्यानं भागलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात नेहमीपेक्षा उशिरा जादा डिझेल फवारतो. ते पुढं जाऊन जळतं, गाळणी ६०० अंशांच्या आसपास तापते आणि साधारण १० ते २० मिनिटांत काजळी साफ होते. अट एकच, तेवढा वेळ गाडी चालत राहिली पाहिजे.

आता माझा रोजचा रस्ता बघा. वडगावहून शहापूरला दुकान, तिथून टिळकवाडीत मुलीची शाळा, परत दुकान. मध्ये रेल्वे गेट पडलं तर दहा मिनिटं तिथंच. इंजिन धड तापायच्या आत गाडी बंद होते. जाळणं सुरू झालंच तर मी शाळेच्या दारात चावी काढतो आणि ते अर्ध्यावर तुटतं. असं चार-पाच वेळा झालं की काजळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाते आणि दिवा लागतो. म्हणजे दिव्याचं म्हणणं एवढंच असतं की मला सलग चालव, मी जाळून घेतो.

इथं मला गाडी बनवणाऱ्यांचा खरोखर राग येतो. माझ्या गाडीच्या पडद्यावर कुठलं गाणं चाललंय ते दिसतं, दारातल्या दिव्याचा रंग बदलता येतो, बाहेर किती अंश आहे ते दिसतं. आत्ता काजळी जाळायचं काम चालू आहे हे मात्र कुठंही दिसत नाही. एक बारकं चिन्ह दाखवलं असतं तर मी चावी काढायच्या आधी पिरनवाडीपर्यंत एक चक्कर मारून आलो असतो. काही गाड्यांत हे दिसतं, म्हणजे करता येतं. आणि रोज चार-पाच किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला डिझेल गाडी विकताना शोरूममध्ये यातलं एक अक्षर सांगत नाहीत, हे मला गैर वाटतं.

जाळणं चालू आहे हे ओळखायचं कसं

पडदा सांगत नसला तरी गाडी सांगते. न्यूट्रलवर उभी असताना इंजिनाचे फेरे नेहमी ८०० च्या आसपास असतात, ते १००० वर जातात. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंदच होत नाही. क्षणाक्षणाचं मायलेज दाखवणारा आकडा एकदम खाली येतो. गाडी बंद करून उतरलात तरी पुढचा रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम, करपट वास येतो. यातलं काही दिसलं तर शक्य असेल तेव्हा गाडी बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं आणखी चालवा. पूर्वी पंखा फिरताना ऐकला की मला वाटायचं गाडी तापली. म्हणून मी ती लगेच सावलीत लावून बंद करायचो, म्हणजे नेमकं उलटं.

इथंच एक धोक्याची सूचना. या वेळी गाडीखालचा तो भाग फार तापलेला असतो. खानापूर भागात खळ्यावर पिंजर पसरलेलं असतं आणि इकडं ऊसतोडीनंतर फडात पाचट. त्यावर अशी गाडी आणून उभी करू नका. आग लागू शकते. गाड्यांच्या पुस्तकांतही वाळलेल्या गवतावर लावू नका असं छापलेलं असतं, पण ते पान कुणी वाचत नाही.

दिवा लागला त्या दिवशी काय करायचं

फक्त हा एकच पिवळा दिवा असेल तर घाबरायचं कारण नाही. आधी डिझेल बघा. टाकी पाव भागाच्या वर हवी. मग हायवे गाठा. आपल्याकडे दोन सोयीचे रस्ते आहेत. एक काकतीवरून संकेश्वरच्या दिशेनं. तिथं वंटमुरी-सुतगट्टीचा चढ आहे, इंजिनावर भार येतो आणि एक्झॉस्ट लवकर तापतो. दुसरा हलग्यावरून सुवर्णसौध ओलांडून हिरेबागेवाडीकडे. वाहतूक बघून ताशी ६० च्या वर वेग ठेवा आणि वरचा गिअर टाकायची घाई करू नका. फेरे २००० ते २५०० च्या दरम्यान राहतील असा गिअर धरा. पाचव्या-सहाव्यात १४०० फेऱ्यांवर गाडी शांत पळते, पण गाळणी तापत नाही. वीस ते तीस मिनिटांत दिवा जायला हवा. गेला तरी लगेच वळून घरी येऊन गाडी बंद करू नका, जाळणं पूर्ण होऊ द्या. चोर्ल्याचा रस्ता यासाठी नको, वळणांवर वेग टिकत नाही.

इंजिनाचा दिवाही बरोबर लागला असेल किंवा गाडीची ओढ एकदम गेली असेल, तर मात्र हा प्रयोग करायचा नाही. काजळी फार साठलेली असताना जोरात चालवलं तर आत ती एकदम पेटते आणि जाळी तडकते. तेव्हा गाडी सावकाश वर्कशॉपला न्यायची. तिथं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून उभ्या गाडीत जाळतात, त्याला फोर्स्ड रिजन म्हणतात. ते मोकळ्या जागेत करायला सांगा.

विझल्यावर पुन्हा का लागतो

जूनमध्ये हिरेबागेवाडीला जाऊन आलो आणि दिवा गेला. सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला, तेव्हा फोर्स्ड रिजन केलं. नोव्हेंबरमध्ये परत. जानेवारीत जांबोटीच्या चढाला इंजिनाचा दिवाही लागला आणि गाडीनं दमच सोडला. तेव्हा उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "काका, स्कॅनर मागनं लावू. आधी नळ्या बघू द्या की." पण नळीकडे यायच्या आधी माझ्या दोन सवयी सांगतो, कारण त्या सगळ्यांनाच लागू आहेत.

पहिली सवय, पाचशेचं डिझेल टाकायचं आणि संपत आलं की पुन्हा पाचशेचं. माझी गाडी महिनोन्महिने रिझर्व्हच्या आसपासच चालायची. टाकीत डिझेल कमी असलं की कित्येक गाड्यांत जाळणं सुरूच होत नाही, कारण त्याला जादा डिझेल लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

दुसरी सवय, शाळा सुटेपर्यंत एसी लावून गाडी चालू ठेवायची. उभ्या गाडीत डिझेल इंजिन काजळी करत राहतं पण एक्झॉस्ट थंडच असतो. रोजची वीस मिनिटं अशी गेली की काजळी लवकर साठते.

मग ऑइल. नोव्हेंबरमध्ये डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. ऑइल वाढलेलं बघून आधी मला बरंच वाटलं. पण ऑइल वाढत नसतं. अर्धवट तुटलेल्या जाळण्यातलं जादा डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली उतरून त्यात मिसळलेलं असतं. बोटावर घेऊन वास घ्या, डिझेलचा येतो. असं पातळ ऑइल इंजिन झिजवतं. पातळी फारच वाढली तर डिझेल इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून ओढू लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. म्हणून दिवा दोनदा लागला की सपाट जागी गाडी लावून, बंद करून दहा मिनिटांनी पातळी बघायचीच. वरच्या खुणेच्या वर असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल बदलायचं. फोर्स्ड रिजन केल्यावरही पातळी बघून घ्यायची.

बदलताना बाजारातलं कुठलंही चांगलं ऑइल चालत नाही. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, त्याला लो-सॅप्स म्हणतात. डब्यावर एसीईए सी-२ किंवा सी-३ असं लिहिलेलं असतं. आपल्या गाडीला यातलं कुठलं ते पुस्तकात बघून तेच घ्या. साध्या ऑइलची राख गाळणीत जाऊन बसते, आणि काजळी जळते पण राख जळत नाही.

आता ती नळी. गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूनं दोन बारीक नळ्या वर येतात आणि एका सेन्सरला जोडलेल्या असतात. दोन्हीकडच्या दाबातला फरक बघून गाळणी किती भरली ते कॉम्प्युटर ठरवतो. या नळ्यांची खालची टोकं एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ असतात. रबर कडक होतं आणि टोकाशी चिरतं. माझ्या गाडीतल्या एका नळीच्या टोकाला क्लिपखाली चीर होती आणि तिच्याभोवती काजळीचा काळा डाग. चिरेतून दाब निसटतो, वाचन चुकीचं जातं. वाचन पटेनासं झालं की कॉम्प्युटर बिघाडाचा कोड नोंदवतो, आणि बऱ्याच गाड्यांत तसा कोड असेपर्यंत जाळणं बंद ठेवलं जातं. वर्कशॉपमध्ये कोड पुसायचे, जाळून द्यायचे, मी घरी यायचो. थोड्या दिवसांनी कोड परत यायचा, जाळणं पुन्हा बंद, आणि काजळी साठत राहायची. शे-दोनशेची नळी. तिच्यापायी मी दोन फोर्स्ड रिजन आणि एक ऑइल बदल भरला होता.

हे घरी बघता येतं. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सरपासून खाली दोन्ही नळ्या हातानं चाचपत जा, टोकाशी वाकवून बघा. चीर असेल तर उघडते. सापडली तर दोन्ही नळ्या बदला, कारण दोन्हींचं वय सारखंच असतं. बॉनेटखाली उंदीर येत असतील तर सेन्सरची वायरही बघा. पावसाळ्यात शेताजवळ लावलेल्या गाड्यांत ती कुरतडलेली सापडते.

नळ्या ठीक असतील तर पुढं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप. तो उघडाच अडकला की इंजिन कधी पूर्ण तापत नाही, आणि न तापलेल्या इंजिनात जाळणं सुरू होत नाही. हायवेवरही टेम्परेचरचा काटा मध्यावर येत नसेल तर संशय इथं. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) चिकटला किंवा इंजेक्टर गळत असेल तर मुळातच काजळी जास्त होते. पण ते घरी बघायचं काम नाही.

वर्कशॉपमध्ये काय मागायचं

पुसायच्या आधी कोड कागदावर मागा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी दोन्ही वेळा मागितलं नाही. पी-२४६३ म्हणजे काजळी जास्त साठली, तो परिणाम आहे. पी-२४५२ ते पी-२४५५ हे दाबाच्या सेन्सरचे, म्हणजे आधी नळ्या आणि वायर बघायच्या. माझा पी-२४५३ होता. पी-२४२एफ म्हणजे राख भरली. नुसतं "डीपीएफ एरर होतं, काढलं" असं उत्तर स्वीकारू नका. शेवटचं जाळणं पूर्ण झाल्यापासून किती किलोमीटर झाले आणि काजळी किती ग्रॅम आहे, हेही स्कॅनरवर दिसतं. ते विचारा.

मी आता स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायची जागा) बसणारं एक छोटं ब्लूटूथ यंत्र घेतलंय. फोनवर ॲपमध्ये काजळीचा आकडा दिसतो आणि जाळणं सुरू झालं की तेही कळतं. सगळ्या गाड्यांत सगळे आकडे मिळत नाहीत, घेण्याआधी आपल्या मॉडेलसाठी चालतं का ते बघा. गाडीनं जे दाखवायला हवं होतं ते या यंत्रानं दाखवलं.

गाळणी कापून आतलं काढून टाका आणि कॉम्प्युटरला फसवा, असं सांगणारे आपल्याकडेही भेटतात. करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाची मर्यादा मोडणं हा गुन्हा आहे. आणि ती काजळी मग जाते कुठं? शाळेच्या दारात उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत. प्रेशरच्या पाण्यानं धुऊन देणाऱ्यांपासूनही जपा, आतली जाळी नाजूक असते. टाकीत ओतायचं औषध काजळी जरा कमी तापमानाला जाळायला मदत करतं, पण फाटकी नळी जोडत नाही आणि राख काढत नाही.

डॅशबोर्डवरच्या आणखी एका पिवळ्या दिव्याबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. टायरच्या हवेचा दिवा डिसेंबर-जानेवारीत सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप जातो. तो बिघाड नाही. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआय कमी होतो. आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्याएवढी भरा आणि मग रिसेट करा.

माझ्या गाडीत जानेवारीनंतर आता पावसाळा सरत आला तरी डीपीएफचा दिवा लागलेला नाही. टाकी अर्ध्यावर आली की भरतो. शाळेपुढं इंजिन बंद करून काचा खाली करतो. दर रविवारी गावाकडे जांबोटीला जायच्या आधी काकतीवरून हायवेला एक फेरी मारतो. दोन जाळण्यांमधलं अंतर ॲपवर बघून वहीत लिहून ठेवतो. सध्या ते २५० ते ३०० किलोमीटर येतंय.

शेजारच्या दाजींची गाडी मात्र वेगळी निघाली. ते रोज धारवाडला जातात-येतात, म्हणजे हायवे भरपूर. टाकी भरलेली, नळ्या चांगल्या, थर्मोस्टॅट चांगला. तरीही जाळण्यांमधलं अंतर घटत घटत शंभराच्या आत आलं होतं. गाडी दीड लाखाच्या पुढं गेलीय आणि आधीच्या मालकानं साधं ऑइल घातल्याची बिलं डिकीत सापडली. परवा मिस्त्रीनं कोड काढून दिला, पी-२४२एफ. हायवेवर कितीही पळवली तरी ती राख जाणार नाही. गाळणी उतरवून, आत उलट दिशेनं हवा मारणाऱ्या यंत्रावर स्वच्छ करून घ्यायची ठरलीय. त्यानं भागलं नाही तर नवी बसवावी लागेल. सोमवारी गाडी उद्यमबागेत लावणार आहोत.